दरडोई उत्पन्न दुप्पट झालं, ते कुणाचं?



"देशाचे दरडोई उत्पन्न वाढले" अशी बातमी वर्तमानपत्रात झळकली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकदम बदलतो. एरवी गोडा मसाल्याचं प्रमाण आणि रेशमी साडीवरचे डाग विचारणाऱ्या भगिनी अर्थशास्त्रावर येतात. या खेपेला बार्शीच्या एका भगिनीनं लिहिलंय, "दरडोई म्हणजे डोक्यामागे ना हो? आमच्या घरात पाच डोकी आहेत. मागे उत्पन्न दुप्पट झालं म्हणून ह्यांनी पेपरातून वाचून दाखवलं होतं. मी डबे उघडून पाहिले, डाळ होती तेवढीच. मग दुप्पट झालं ते कुणाचं?"

प्रश्न असा सरळ विचारला की भल्याभल्यांना घाम फुटतो. पण तो टाळण्यासारखा नाही. देश पुढे चालला आहे की मागे, एका देशातली माणसं दुसऱ्या देशातल्या माणसांपेक्षा बरी राहतात की नाही, हे सांगताना जगभर याच आकड्याचा आधार घेतात. तेव्हा तो तयार कसा होतो ते आधी पाहू. "तुला नाही कळायचं त्यातलं" असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. जी बाई महिन्याचा खर्च पगारात बसवते ती हेच गणित दर महिन्याला करत असते, फक्त त्याचं पुस्तकी नाव तिला कुणी सांगितलेलं नसतं.

सुरुवात एकूण रकमेपासून. वर्षभरात देशाच्या हद्दीत जे जे नवं निर्माण झालं त्याची किंमत मांडायची. शेतात पिकलेली ज्वारी, मागावर विणलेलं कापड, शिंप्यानं शिवलेला झंपर, डॉक्टरांनी तपासलेला रोगी, एस.टी.नं पोचवलेला उतारू, सगळं त्यात येतं. पथ्य एकच, तीच गोष्ट दोनदा मोजायची नाही. गव्हाची किंमत पिठात आलेली असते, पिठाची पावात. म्हणून तिन्हींची बेरीज न करता शेवटच्या पावाचीच किंमत धरायची. अशी जी रक्कम येते तिला जीडीपी म्हणतात, मराठीत स्थूल देशांतर्गत उत्पादन. नाव जड आहे, आत एवढंच आहे. त्यातून भाववाढ काढून टाकायची, आणि उरेल त्याला लोकसंख्येनं भागायचं. झालं वास्तव दरडोई उत्पादन.

आपल्याकडे पेपरात 'दरडोई उत्पन्न' म्हणून जे छापतात ते बहुधा याचं सख्खं नव्हे, चुलत भावंड असतं. त्याला निव्वळ राष्ट्रीय उत्पन्न म्हणतात. आपला मिक्सर दर वर्षी थोडा म्हातारा होतो, तशी देशातल्या यंत्रांची आणि इमारतींची झीज त्यातून वजा केलेली असते, आणि परदेशाशी झालेली व्याजा-नफ्याची देवघेव जमेस धरलेली असते. फरक माहीत असू द्या, पण त्यात अडकून पडू नका. दोघांच्या खोडी सारख्याच आहेत.

आता 'दुप्पट' कुठून आलं ते पाहा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०२३ साली जो अंदाज प्रसिद्ध केला त्यात २०२२-२३ चं दरडोई उत्पन्न वर्षाला १,७२,००० रुपये होतं. २०१४-१५ साली तेच ८६,६४७ रुपये होतं. भागाकार करून बघा, जवळजवळ दुप्पट येतं. म्हणजे बातमी खोटी नव्हती. पण हे झाले 'चालू किमतीं'चे आकडे, ज्या त्या वर्षीच्या भावानं मांडलेले. २०११-१२ सालचे भाव कायम धरून काढलेले आकडेही सरकारनं तेव्हा दिले होते. त्यांना 'स्थिर किमतीं'चे आकडे म्हणतात. ते होते २०१४-१५ साठी ७२,८०५ रुपये आणि २०२२-२३ साठी ९८,११८ रुपये. म्हणजे आठ वर्षांत वाढ झाली ती पस्तीस टक्क्यांच्या आसपास. मधलं टाळेबंदीचं २०२०-२१ हे वर्ष उलटं गेलं होतं, ते लक्षात घेतलं तर ही वाढ काही टाकाऊ नाही. पण ती दुप्पटही नाही. शंभराच्या पिशवीऐवजी दोनशेंची पिशवी घरी आली, आणि उघडून पाहिली तर आतलं सामान सव्वापट आणि दीडपट यांच्या मधे कुठेतरी. बाकीचा सगळा भावाचा फुगवटा.

हेच घरच्या हिशेबात करून पाहू. समजा, २०१४-१५ साली एका घरात महिना ३०,००० रुपये येत होते आणि खाणारी माणसं चार होती. डोक्यामागे साडेसात हजार. २०२२-२३ साली तिथे ४८,००० येऊ लागले. यजमान खूष, पगार चांगला साठ टक्क्यांनी वाढला! पण तेवढ्या काळात भाव दीडपट झाले असं धरलं तर त्या ४८,००० ची जुन्या भावानं किंमत ३२,००० च. आणि मधल्या काळात सासूबाई गावाहून कायमच्या राहायला आल्या, म्हणजे माणसं पाच. ३२,००० भागिले ५, डोक्यामागे ६,४००. पगाराच्या कागदावर साठ टक्के वाढ, आणि ताटात पंधरा टक्के घट. "एवढा पगार वाढला, मग पैसे जातात कुठे?" असं तुम्हाला कुणी विचारत असेल तर हे गणित पाठकोऱ्या कागदावर मांडून त्यांच्या चहाच्या बशीखाली ठेवावं, असं मला वाटतं.

महाराष्ट्रातल्या बायकांना ही पायरी कुणी शिकवावी लागलेली नाही. १९७२ च्या दुष्काळात भाव भडकले तेव्हा मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकारानं महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली, आणि बायका लाटणी नि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. स्थिर किमतींचं कोष्टक त्यांच्यापैकी कितीजणींनी पाहिलं असेल? पण तेवढ्याच नोटांत तेलाची बरणी अर्धीच भरते हे त्यांना कळत होतं. चालू किमती नि स्थिर किमती यांतला फरक तो हाच.

इथे एक बारकावा सांगायला हवा. देशाच्या हिशेबातून जी भाववाढ वजा होते ती सगळ्या उत्पादनाची सरासरी भाववाढ असते. सिमेंट, ट्रक, छापखान्याची यंत्रंही तिच्यात येतात. तुमच्या पिशवीत सिमेंट नसतं. किरकोळ बाजारातल्या भावांचा निर्देशांक त्यातल्या त्यात आपल्या जवळचा. पण २०१२ साल पायाला धरून जो निर्देशांक काढत असत, त्यातही खाण्यापिण्याच्या जिनसांना शंभरात किती वजन? खेड्यांसाठी ५४ च्या आसपास, शहरांसाठी ३६ च्या आसपास. म्हणजे कांदा, डाळ, तेल महागलं तर ज्या घराची निम्मी मिळकत पोटावर जाते त्या घराला चटका जास्त, आणि ज्या घराची पाव मिळकत पोटावर जाते त्याला कमी. देशाची भाववाढ एक, आणि घरोघरची निराळी.

आता त्या भागाकाराकडे वळू. एका सोसायटीत दहा बिऱ्हाडं आहेत. नऊ बिऱ्हाडांत महिना तीस-तीस हजार येतात, दहाव्यात पाच लाख. सरासरी काढली तर बिऱ्हाडामागे ७७,००० रुपये! त्या सोसायटीत सत्त्याहत्तर हजार मिळवणारं घर एकही नाही, बरं का. पुढच्या वर्षी दहाव्या बिऱ्हाडाचे पाचाचे सहा लाख झाले आणि बाकीच्या नऊंना छदामही वाढला नाही, तरी सरासरी ८७,००० होते. दहा हजारांची वाढ झाल्याची बातमी येणार, आणि नऊ घरांतल्या बायका डबे उघडून पाहणार. त्यापेक्षा दहाही घरं मिळकतीप्रमाणे ओळीनं उभी करावीत आणि मधल्या घरात डोकवावं. ते तीस हजारांचंच असतं. सरासरीपेक्षा हे मधलं घर खरं बोलतं, पण पेपरात त्याची बातमी क्वचित येते.

बार्शीच्या भगिनींसाठी आणखी एक हिशेब करते. वर्षाला १,७२,००० म्हणजे महिन्याला डोक्यामागे चौदा हजारांच्या वर. पाच डोक्यांचं घर म्हणजे महिना सत्तर हजार. आता पुढे बघा. ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या वर्षात सरकारनंच देशभर घरोघर जाऊन कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली. तिच्यात डोक्यामागे महिन्याचा सरासरी खर्च निघाला खेड्यात ३,७७३ रुपये आणि शहरात ६,४५९ रुपये. कुठे चौदा हजार आणि कुठे पावणेचार! मधले पैसे काय हवेत विरले? नाही. दरडोई उत्पन्न म्हणजे घरात हाती येणारा पैसा नव्हे. कंपन्यांनी वाटून न टाकता ठेवलेला नफा त्यात आहे, सरकारकडे जाणारा कर आहे, लोकांची बचत आहे. शिवाय फार श्रीमंत घरं पाहणीवाल्यांना सहसा दार उघडत नाहीत, आणि उघडलंच तरी सगळं सांगत नाहीत. त्याच पाहणीत खेड्यातल्या सगळ्यात गरीब पाच टक्के लोकांचा महिन्याचा खर्च होता डोक्यामागे १,३७३ रुपये, आणि शहरातल्या वरच्या पाच टक्क्यांचा २०,८२४. ही दोन्ही माणसं दरडोईच्या एकाच ओळीत बसवलेली आहेत. आपल्या राज्याचंही तेच आहे. महाराष्ट्राचं दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीपेक्षा वर आहे म्हणून आपण कॉलर ताठ करतो, पण त्या एका आकड्यात मुंबई आहे, आणि गडचिरोली नि नंदुरबारही आहेत.

आपल्या देशात हा डोक्यामागचा हिशेब पहिल्यानं मांडला तो दादाभाई नवरोजींनी. हे तेच दादाभाई, जे १८४९ साली मुंबईत मुलींच्या शाळा काढणाऱ्या एल्फिन्स्टनच्या तरुण मंडळींत होते. १८६७-६८ सालासाठी त्यांनी माणशी वर्षाचं उत्पन्न काढलं ते साधारण वीस रुपये. मग त्यांनी जे केलं ते मला फार आवडतं. नुसता आकडा सांगून ते थांबले नाहीत. तुरुंगातल्या कैद्याला जगवायला अन्नवस्त्रावर सरकार किती खर्च करतं ते त्यांनी शेजारी मांडलं, आणि दाखवून दिलं की देशात पिकलेलं सगळं सारखं वाटून दिलं तरी प्रजेला कैद्याइतकंसुद्धा पुरणार नाही. वाटप सारखं होत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आकडा असा वापरावा! शेजारी ताट मांडल्याशिवाय वीस रुपये म्हणजे थोडे की पुष्कळ हे कसं कळणार?

आणि ताटाचा विषय निघालाच आहे तर घरातल्या ताटाबद्दल बोललंच पाहिजे. भागाकार देशाचा असो नाहीतर घराचा, तो असं गृहीत धरतो की प्रत्येकाच्या वाट्याला सारखं येतं. आपल्या घरांतून काय चालतं ते तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. आधी पुरुषमंडळी, मग मुलं, मग सासूबाई, आणि पातेल्याच्या तळाशी उरेल ते आपण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी ५७ जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं, हे २०१९-२१ सालचं. त्याच वयाच्या पुरुषांत शंभरात २५. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत बायकांचा आकडा ५३ होता. बोटाच्या टोकातून रक्त घेऊन तपासण्याच्या पद्धतीवर तज्ज्ञांत वाद आहे, तो असू दे. पण बायकांचं प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून जास्त आहे आणि दरडोई उत्पन्न वाढत असताना ते खाली आलेलं नाही, एवढं तरी त्यातून दिसतं. तेव्हा आज रात्री वाढताना आपलंही ताट सगळ्यांबरोबर वाढून घ्या. पालेभाजी आणि उसळ आधी स्वतःला, असं नाही म्हणत मी, पण निदान सारखी. आणि थकवा, धाप, चक्कर असेल तर "होतं असं" म्हणून अंगावर काढू नका, रक्त तपासून घ्या.

आता मला सगळ्यात जिव्हाळ्याची असलेली गोष्ट सांगते. जीडीपीत काय काय धरतात ते ऐकून तुम्ही थक्क व्हाल. शेतकऱ्यानं बाजारात न नेता घरी खायला ठेवलेली ज्वारीसुद्धा त्यात धरतात. तिची किंमत अंदाजानं लावतात. तुम्ही स्वतःच्या मालकीच्या घरात राहत असाल तर त्या घराला किती भाडं आलं असतं त्याचाही अंदाज करून ती रक्कम धरतात, जणू तुम्ही स्वतःलाच भाडं देता. इतका काटेकोर हिशेब! पण त्या घरात, त्या ज्वारीची भाकरी जी बाई थापते, तिच्या थापण्याची किंमत शून्य. पीठ मळणं, भांडी, धुणं, पोराचा अभ्यास, सासऱ्यांचं औषधपाणी, रात्री उशाशी बसून काढलेली जागरणं, या कशालाच त्या वहीत ओळ नाही. हीच भाकरी खाणावळीत थापली तर मात्र ती देशाचं उत्पन्न.

इंग्लंडातले पिगू नावाचे अर्थशास्त्रज्ञ शंभर वर्षांपूर्वी यावर एक मजेदार उदाहरण देऊन गेले. एखाद्या गृहस्थानं आपल्या घरकामाच्या बाईशी लग्न केलं तर देशाचं उत्पन्न घटतं! काम तेच, करणारी तीच, फक्त पगार बंद झाला. हसू येतं, पण हसून झाल्यावर जरा विचार करा. उलटही तेवढंच खरं आहे. तुम्ही नोकरीला लागलात, घरी पोळ्यांना बाई ठेवलीत, धाकटा पाळणाघरात गेला. तुमचा पगार, बाईंचा पगार, पाळणाघराची फी, तिन्ही उत्पन्नात जमा. पण तुम्ही घरी जे करत होता आणि आता करत नाही, किंवा रात्री अकरापर्यंत जागून उरकता, ते वजा कुठेच होत नाही. म्हणून बायका मोठ्या संख्येनं बाहेर पडू लागल्या की देशाची वाढ असते त्यापेक्षा थोडी मोठी दिसते. बाहेर पडू नका असं मी म्हणत नाही, गैरसमज नको. हिशेब कुठे चुकतो तेवढं सांगते आहे.

ही उणीव कुणाच्या लक्षातच आली नव्हती असंही नाही. अमेरिकेत सायमन कुझनेट्स यांनी १९३४ साली तिथल्या संसदेसाठी राष्ट्रीय उत्पन्नाचा पहिला मोठा अहवाल तयार केला. गृहिणींची कामं आपण मोजलेली नाहीत, असं त्यांनी त्यात स्वतःच लिहून ठेवलं. आणि राष्ट्राचं कल्याण या एका आकड्यावरून ठरवता येत नाही असा इशाराही दिला. पुढे १९७१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. आकडा जगभर गेला, इशारा अहवालातच राहिला. आपल्याकडे १९४९ साली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. अध्यक्ष महालनोबिस, आणि सभासद पुण्याचे धनंजयराव गाडगीळ नि डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव. माणसं मोठी होती, काम मोलाचं झालं. पण घरकामाच्या बाबतीत आपला हिशेब जगाच्याच चाकोरीतून गेला.

निदान वेळ तरी आता मोजतात. २०१९ साली सरकारनं देशभर पाहणी केली, माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात त्याची. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, म्हणजे जवळजवळ पाच तास. असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. आणि असं काम करणाऱ्या बायका शंभरात ८१, तर पुरुष २६. २०२४ च्या पाहणीत ही मिनिटं २८९ आणि ८८ झाली. बायकांची दहा मिनिटं कमी झाली खरी, पण पुरुषांनी ती उचलली असं मात्र दिसत नाही. त्यांचीही नऊ कमीच झाली!

आकड्याच्या आणखीही खोडी आहेत, त्या भरभर सांगते. नळाला पाणी आलं तर देशाच्या उत्पन्नात जेमतेम पाणीपट्टी जमा होते. टँकर मागवला की टँकरवाल्याची मिळकत, डिझेल, ड्रायव्हरचा पगार, सगळं जमा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्या वाहतुकीचंही मोल हिशेबात येतंच. त्यानं लातूरकर श्रीमंत झाले असं कोण म्हणेल? आणि आयर्लंडची तर और तऱ्हा. त्यांच्या २०१५ सालच्या उत्पादनात एका वर्षात २६ टक्क्यांहून अधिक वाढ झाल्याचं जाहीर झालं. मोठ्या परदेशी कंपन्यांनी आपली मालमत्ता कागदोपत्री तिकडे हलवली होती, एवढंच त्यामागचं मुख्य कारण. आपल्या घरी भाड्यानं राहणाऱ्या गृहस्थाचा पगार रेशनकार्डावर आपल्या नावापुढे लिहावा आणि शेजारणीनं म्हणावं, "काय हो, बरकत आहे!" तसलाच तो प्रकार. तिथल्या सांख्यिकी कार्यालयाला पुढे वेगळा, सुधारलेला आकडा काढावा लागला.

इतकं वाचून हा आकडा फेकून द्यावा असं वाटेल, पण तसं करू नका. काहीच न पिकणाऱ्या घरात वाटप कितीही न्यायाचं केलं तरी सगळी उपाशीच राहणार. दरडोई उत्पादन वाढलं म्हणून दवाखाने, लसी, रस्ते, शाळा यांना पैसा आला. १९७१ साली आपल्या देशात जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी १२९ बाळं पहिल्या वाढदिवसाआधी जात होती. २०२० साली २८. हे काही आपोआप घडलेलं नाही. पण पैसा आला की पुढचं सगळं ठीक होतं, असंही नाही. त्याच २०२० साली केरळात हजारी ६ बाळं गेली, आपल्या महाराष्ट्रात १६, मध्य प्रदेशात ४३. केरळ काही मध्य प्रदेशाच्या सातपट श्रीमंत नाही. १९७० च्या दशकात तर केरळचं दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्याही खाली होतं, आणि तरीही तिथल्या मुली शाळेत जात होत्या, बाळंतिणींना दवाखाना गाठता येत होता. म्हणूनच महबूब उल हक आणि आपले अमर्त्य सेन यांच्या विचारांतून १९९० पासून संयुक्त राष्ट्रांनी मानवी विकासाचा निर्देशांक काढायला घेतला. त्यात उत्पन्नाच्या शेजारी आयुर्मान आणि शिक्षण मांडतात. दादाभाईंनी वीस रुपयांशेजारी कैद्याचं ताट मांडलं होतं, तेच इथे निराळ्या रीतीनं झालं.

पुढच्या वेळी अशी बातमी आली की पहिल्यांदा शोधा, आकडा चालू किमतींचा आहे की स्थिर किमतींचा. बहुतेक वेळा मथळ्यात चालू असतो आणि स्थिर असतो तो खाली बारीक अक्षरात. तेवढं झालं की पेपर बाजूला ठेवा आणि हिशेबाची वही घ्या.

वहीच्या मागच्या पानावर, दर महिन्याला न चुकता लागतात अशा दहाबारा गोष्टी लिहा: गहू, तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहा, दूध, गॅस, मुलांची फी, बसचा पास, साबण, औषधं. पुढे महिन्याला किती लागतं ते लिहा. मग त्याच मापाला या महिन्याच्या भावानं किती पैसे पडतात आणि पाच वर्षांपूर्वीच्या याच महिन्यात किती पडत होते, अशा दोन बेरजा करा. मोठ्या बेरजेला लहान बेरजेनं भागलं की तुमच्या घरची भाववाढ निघते. देशाची नव्हे, तुमची. घरात येणाऱ्या आजच्या रकमेला त्या संख्येनं भागा, मग माणसांनी भागा, आणि पाच वर्षांपूर्वीच्या डोक्यामागच्या रकमेशेजारी ठेवा.

त्याच पानावर खाली एक आठवडाभर स्वतःचे घरकामाचे तास टिपा. तुमच्या गावात पोळ्यांना, धुण्याभांड्यांना, मुलं सांभाळायला बाया जो दर घेतात त्या दरानं त्याची महिन्याची रक्कम काढा, आणि घरातल्या मिळकतीच्या खाली लिहा. फार मोठी निघाली तर खोडू नका. यजमानांना दाखवायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण आम्हाला दोन्ही आकडे अवश्य कळवा, नाव छापणार नाही. मात्र पाच वर्षांपूर्वीचे भाव आठवणीनं लिहू नका. आपल्याला जुनं सगळं स्वस्तच आठवतं. जुनी बिलं किंवा जुनी वही बघून लिहा, आणि तुमच्याकडे नसेल तर शेजारणीला विचारा, कुणाच्या तरी कपाटात ती असतेच.